गाडी हलवायला गेलेला माणूस

डिसेंबरचा दुसरा रविवार. पिट्सबर्ग.
पुलांच्या कठड्यांवर बर्फाची साय धरलेली,
आणि ग्रंथालयाच्या तळघरात वीस समीक्षक
ओले कोट खुर्च्यांच्या पाठींवर टाकून
वर्षभराच्या अंधाराचा हिशेब करायला बसलेले.

मी मतं मोजते.
सिनेमातलं मला कळत नाही, म्हणूनच बोलावतात.
बावीस वर्षं इथेच वरच्या मजल्यावर
उशिरा आलेल्या पुस्तकांचा दंड घेतला मी,
माझ्या बेरजेवर सगळ्यांचा विश्वास.

पहिल्या आवडीला तीन, दुसरीला दोन, तिसरीला एक.
पहिल्या फेरीत निकाल लागला नाही
तर दुसरीत एकच नाव, आणि चिठ्ठी पेटीत आपल्या हातानं टाकायची.
हा नियम कुणी केला ते आठवत नाही कुणाला,
घरातलं एखादं कपाट का उघडत नाहीत, तसं.

अभिनेत्रीच्या रकान्यात दोन नावं उरली.
एकीचा चेहरा विमानतळापासून रस्ताभर सोबत करतो;
तिच्या स्टुडिओनं सगळ्यांना घरपोच सिनेमा पाठवला,
वर लोकरीची शाल.
(मलाही एक आली, चुकून. परत करायची राहिलीय.)

दुसरी ओडेट ब्रानिगन, वय एकाहत्तर.
कालव्याचं दार राखणाऱ्या बाईचं काम,
अख्ख्या सिनेमात चाळीसेक वाक्यं,
आमच्या गावात चार दिवस टिकला.
थेल्मा यानोशिक म्हणाली,
"ती किटली खाली ठेवते ना, तेवढं आठवा. फक्त तेवढं."
लिरॉय म्हणाला, "पुढचे सगळे आपल्याकडे बघून ठरवतात,
हरणाऱ्या घोड्यावर कशाला..."
"आपण घोडे लावतोय?"
कुणी उत्तर दिलं नाही.

तेवढ्यात बर्फ ढकलणारी गाडी आली,
तिचा पिवळा दिवा भिंतीवरून फिरत गेला.
एमरिक वॉश्को उठला:
"माझी गाडी रस्त्यात आहे, उचलून नेतील. आलोच."
अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.
साडेचारला बातमी सोडायची होती,
इतर शहरांच्या आधी.

मी मोजलं. दहा. नऊ.

तो आला तेव्हा भुवयांवर बर्फ होता
आणि फळ्यावर नाव.
त्यानं हातमोजे काढले. पुन्हा घातले.

संध्याकाळी जाहिरातीत दोन डहाळ्या उगवल्या,
त्यांच्या मधोमध आमचं गाव, मुंगीएवढ्या अक्षरांत.
मंगळवारी दुसऱ्या शहरानं तेच नाव घेतलं,
गुरुवारी आणखी तिघांनी.
ताज्या बर्फात कुणाची तरी पावलं दिसली
की मागचा माणूस त्यांतच पाय टाकतो,
त्यात लबाडी नसते, बूट कोरडे राहतात.
जानेवारीत टीव्हीवर म्हणू लागले,
हे तर ठरलेलंच होतं.
ठरलेलं.
शाल पांघरून मी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मार्चमध्ये मोठ्या मंचावर
तिनं बेचाळीस जणांचे आभार मानले.
काम चांगलंच होतं तिचं, खोटं कशाला बोलू.
बर्फ ढकलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर
त्या बेचाळिसांत नव्हता.

आता हे कुणाला सांगितलेलं नाही:
खुर्च्या आवरताना एमरिकच्या कपाखाली चिठ्ठी सापडली.
हिरवी शाई, कॉफीचं गोल वर्तुळ,
वर्तुळात ओडेट.
मोजायच्या आधीच दिसली होती मला, कोपरा तेवढा.
पेटीत नव्हती, म्हणून मोजली नाही.
बरोबरी झाली असती. पुरस्कार वाटून.
मंगळवारी त्या शहरानं काय केलं असतं?

बाकीच्या चिठ्ठ्या रिवाजाप्रमाणे जाळल्या.
ती एक ठेवली आहे,
वरच्या मजल्यावरून आणलेल्या त्या डिस्कच्या डबीत.
ती किटली खाली ठेवते.
मी मागे नेते, ती पुन्हा ठेवते,
इतकी हळू, जणू शेजारी कुणी झोपलंय.

परत करायची तारीख केव्हाच उलटली.
दंड किती झाला,
ते मला तोंडपाठ आहे.